रहेमतचाचा आणि मुठीखालचं साल

१९५८ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. दिग्रसच्या मोटार स्टँडपाशी लिंबाच्या झाडाखाली धार लावणाऱ्या रहेमतचाचानं मला पहिली थापड मारली ती त्या साली. ओळख ना पाळख. मी त्याच्यापुढं आमच्या आज्याचा वस्तरा ठेवला, त्यानं तो उघडून पाहिला, आणि माझ्या कानाखाली असा आवाज काढला की मोटारीची वाट पाहत बसलेले लोक उठून उभे राहिले.

"पाट्यावर घासला?"

"हो."

"मिरच्या वाटायच्या पाट्यावर?"

"मंग कायच्यावर घासू?"

दुसरी थापड. मीही काही देवळातली गाय नव्हतो. मी त्याची गचांडी धरली आणि म्हणालो, "म्हाताऱ्या, हात खाली घे. नाही तं तुह्या सहाणेवर तुहंच नाक घासतो."

तो हसला. समोरचे दोन दात नव्हते. माझा हात त्यानं झटकलासुद्धा नाही. म्हणाला, "लोहा अच्छा है. पाणी जरा जास्त चढलं." हे तो वस्तऱ्याला म्हणाला की मला, ते मी कधी विचारलं नाही.

मी दुसरी शिकलेला माणूस आहे. लिहितो तसं लिहितो. शुद्ध-अशुद्ध ज्याला पाहायचं त्यानं पाहावं, पण रहेमतचाचा कसा होता ते माझ्याशिवाय आता कोणी सांगणारं उरलं नाही.

आमचं गाव दिग्रसपासून दोन कोस. गावचा न्हावी पाटलाच्या म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला त्याचा वस्तरा कधी लागला नाही. आम्ही महार होतो तेव्हा नाही आणि छप्पन साली बौद्ध झालो तेव्हाही नाही. आमच्या लोकांची डोकी, दाढ्या माझा बाप करायचा, आज्यानं पहिल्या मोठ्या लढाईतून आणलेल्या या वस्तऱ्यानं. येसकरकीची गावचाकरी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा मी ठरवलं की हेच आपलं काम. एक लाकडी खुर्ची, एक आरसा घेतला आणि दिग्रसला येऊन लिंबाखाली बसलो. लिंबाच्या दुसऱ्या बाजूला रहेमतचाचाची सहाण होती.

उंच, वाळलेला माणूस. पायानं चाक फिरवायचा. कापसाचा हंगाम आला की जिनातल्या लांब सुऱ्यांना धार लावायला त्याला बोलावणं यायचं, बाकीच्या दिवसांत कात्र्या, अडकित्ते, विळे आणि साऱ्या तालुक्याचे वस्तरे. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. धार पाहायची ती तिथंच. आणि कुठलंही पातं हातात आलं की पहिलं काम म्हणजे ते कानाशी धरायचं आणि नखानं टिचकी मारायची. वाजलं तर मान हलवायचा. नाही वाजलं तर तोंड असं करायचा की जणू कोणी कडू काकडी चारली. "कच्चा," म्हणायचा आणि परत द्यायचा. माणसांनाही तो असंच करायचा, फक्त टिचकीच्या जागी थापड.

त्याचा दुसरा नेम असा की धारेचं हत्यार घेऊन कोणी आलं की विचारायचं, "किस पे चलाना है?" बाई विळी घेऊन आली तरी हाच सवाल. बायका म्हणायच्या, "तुह्या दाढीवर, बुढ्या." तो खूश व्हायचा.

एका दुपारी कापसाच्या दलालाचा पोरगा गुप्ती घेऊन आला.

"किस पे चलाना है?"

"भावावर," पोरगा म्हणाला.

आम्हाला वाटलं गंमत आहे. चाचानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि चाक सुरू केलं. ठिणग्या उडत होत्या, लोक पाहत होते. अर्धा तास घासलं. "और तेज?" "और." पुन्हा घासलं. "और?" "और." शेवटी ती गुप्ती लिंबाच्या काडीसारखी बारीक झाली. मग चाचानं ती गुडघ्यावर ठेवून कटकन मोडली आणि मुठीकडचा थुटका तुकडा पोराच्या हातात दिला. "ले. हो गई तेज."

पोरानं तोच तुकडा चाचाच्या मांडीत खुपसला.

रक्त पायजम्यातून खाली चाकावर आलं. चाचानं एका हातानं तो तुकडा तिथंच दाबून धरला, दुसऱ्या हातानं पोराचा गळा धरला आणि त्याचं तोंड आपल्या तोंडाजवळ आणलं. "आज का खून हो गया ना तेरा? आता घरी जा. भाई के साथ खाना खा." पोरगा रडत गेला. मी पोलिसाला बोलवायला उठलो तर माझ्यावर ओरडला, "पानी आण, तोंड काय पाहून राह्यला?"

तेव्हापासून तो त्या पायानं लंगडायचा. दर दिवाळीला दलालाच्या घरून अनरशांचा डबा यायचा. चाचा एकही खायचा नाही, समोर बसून स्टँडवरच्या कुत्र्याला चारायचा. कोणी म्हटलं, "चाचा, माफ कर ना आता," तर म्हणायचा, "माफ उसी दिन किया. अनरसे माझे नाही, त्या पायाचे हायेत, आणि पायाला गोड चालत नाही."

तो देवमाणूस होता असं मी लिहिणार नाही. स्वतःच्या पोराला त्यानं चामड्याच्या पट्ट्यानं असं मारलं होतं की तो पोरगा घर सोडून गेला तो परत आला नाही. एक मुलगी होती, पुसदला दिलेली. पोराचा विषय निघाला की चाचा उजवा हात समोर धरून पाहायचा. म्हणायचा, "ये साला पहिले उठते. डोकं मागून येते."

त्याच्याकडं एका पत्र्याच्या डब्यात मोडके वस्तरे होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ते माझ्यासमोर मांडायचा आणि वय ओळखायला लावायचा. पात्याला मागं शेपटीच नाही, नुसता ठोकळ बुंधा, तर फार जुना. शेपटी लांब आणि वळलेली असेल तर अलीकडचा. पातं पाठीकडं जाड आणि दोन्ही गालांना सपाट, तर जुना, टिचकीला ठक्क वाजणार. गाल आत ओढलेले, उपाशी माणसासारखे, तर मागाहूनचा आणि तो गाणार. मूठ कशाची ते तळव्यावर घासून पाहायची. कापराचा वास आला तर कारखान्यातलं नकली हस्तिदंत. खऱ्या शिंगाची असेल तर वास येत नाही, पण बारीक खरवड जाळली की केस जळाल्याचा वास येतो. तो सांगायचा, मी चुकायचो, तो मारायचा. दोन वर्षांत मी चुकणं सोडलं.

हे सारं तो कामठीच्या छावणीत शिकला होता. तरुणपणी गोऱ्या पलटणींचे वस्तरे त्याच्या सहाणेवर यायचे. वाचता मात्र त्याला एक अक्षर येत नव्हतं. "मैं पढता नहीं," म्हणायचा, "मैं पहचानता हूँ." आणि मग त्याचं नेहमीचं: "लोहा झूठ नहीं बोलता. त्याले धरणारा बोलते."

आमच्या वस्तऱ्यावर त्याचा पहिल्यापासून डोळा होता. काळ्या शिंगाची मूठ, तीवर पाच आकडे ठोकलेले, झिजून तीनच दिसणारे. चाचा म्हणायचा, "ये बाजार का माल नहीं. पिन काढू दे, मुठीखाली काय हाये ते पाहू. तिथं सहाण लागत नाही, तिथं लोहा अजून कवळा असते."

"माह्या आज्याची पिन हाये. हात लावायचा नाही."

"तुझा आजा विलायतेत पिना ठोकत होता का बे? ही कारखान्याची पिन हाये, कोणी कधी खोलली नाही."

"मंग तूबी खोलू नको."

मी नाही म्हणजे नाही. तो थुंकायचा आणि विषय सोडायचा.

त्या पाच आकड्यांची गोष्ट सांगायला पाहिजे. माझा आजा हमालांच्या पलटणीत बसऱ्याला गेला होता. परत आला तेव्हा हा वस्तरा आणि तांब्याच्या रंगाचा एक बिल्ला घेऊन आला. बिल्ल्यावर राजाचं तोंड, आणि कडेवर बारीक अक्षरात आज्याचं नाव व तोच पाच आकड्यांचा नंबर. आजा मेल्यावर आजीनं तो बिल्ला देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत ठेवला. रोज हळदकुंकू. होता होता राजाचं नाकडोळं भरून गेलं आणि तोही देव झाला. छप्पन साली आम्ही घरातले देव बाहेर काढले. मी सतरा वर्षांचा, अंगात वारं. देव्हाऱ्यातलं सारं एका फडक्यात बांधलं, अरुणावतीच्या भर धारेत उभा राहिलो आणि जितक्या जोरानं फेकता येईल तितक्या जोरानं फेकलं. मागं वळून पाहिलं नाही. घरी आलो तर बाबा रिकाम्या कोनाड्यापुढं उभा होता.

"बिल्ला कुठं हाये?" त्यानं विचारलं.

देव फेकल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. बिल्ल्याचं वाटतं.

आणि त्याची किंमत एकसष्ट साली द्यायची वेळ आली. आमच्या गावच्या पाटलाचा जावई मोटारीतून उतरला. सासरी जायचं, दाढी वाढलेली. लिंबाखाली खुर्ची दिसली, बसला. मी गुळगुळीत दाढी करून दिली, तो खूश होऊन गेला. सासऱ्याच्या ओट्यावर त्यानं दाढीची तारीफ केली. कोणीतरी सांगितलं, ती कोणाच्या हातची होती.

पाटलाला तसं बोलता येत नव्हतं. विटाळ झाला म्हटलं तर कायदा आडवा येत होता. म्हणून त्यानं चोरी शोधली. बाजाराच्या दिवशी दुपारी ठाण्यातल्या जमादाराला घेऊन आला, मागं चार गडी.

"का रे किसन्या," पाटील म्हणाला, "हा वस्तरा तुह्या बापानं येसकरकी करता करता आमच्या घरून उचलला. आता आण तो."

"आज्यानं लढाईतून आणला माह्या."

"लढाईतून! अन् तुहा आजा जनरल होता काय?"

माणसं हसली. मी काही बोलायच्या आधी जमादाराचा पट्टा माझ्या तोंडावर बसला. मग पाठीवर. मग मी खाली पडलो तेव्हा बुटानं. किती मारलं ते मोजलं नाही. एवढं आठवतं की आरशावर कोणाचा तरी पाय पडला आणि काचेचे तुकडे माझ्या तळहातात गेले. बाबा बाजाराला आलेला होता, तो धावत आला तर त्यालाही दोन बसल्या. तो हात जोडून एकच सांगत होता, "साहेब, नंबर हाये मुठीवर. हाच नंबर बिल्ल्यावर होता."

"मग दाखव बिल्ला," जमादार म्हणाला.

बाबानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं त्याच्याकडं. चोरी लागली असती तर तुरुंगात तोच गेला असता, मी नाही. आणि बिल्ला नदीत होता.

जमादारानं कागद काढला. तेवढ्यात सहाणेचं चाक थांबलं.

चाचा लंगडत आला. मला वाटलं, आता हा कोणाला तरी थापड मारणार आणि आम्ही तिघंही जाणार. पण त्या दिवशी त्याचं डोकं हाताच्या आधी उठलं होतं.

"पाटीलसाब," तो अदबीनं म्हणाला, "वस्तरा तुमच्या वडलांचा का?"

"आज्याचा. खानदानी हाये."

"म्हणजे वडलांनी घेतलेला नाही?"

"सांगितलं ना बुढ्या, आज्याचा! आजा प्लेगात मेला, साठ वर्सं झाली, मी जन्मलोबी नव्हतो तवा. तवापासून आमच्या कपाटात होता."

"जमादारसाब, इतकं कागदावर घ्या. आजा प्लेगात मेला, वस्तरा त्याचा."

जमादारानं लिहिलं. पाटलानं छाती काढून सही केली. मग चाचा माझ्याजवळ बसला. माझ्या तोंडात रक्त होतं.

"बोल. खोलू?"

"आत काय हाये?"

"मालूम नहीं. काही नसलं तं तुहा बाप गेला."

आयुष्यात मी फार कमी लोकांचं ऐकलं. त्या दिवशी मान हलवली.

चाचानं कानशीनं पिनेचं डोकं घासलं, खिळा लावला आणि लहान हातोडीनं तीन ठोके दिले. मूठ दोन्हीकडं उघडली. आत तांबेरा आणि वाळलेला पांढरा मळ होता, आज्याच्या साबणाचा. चाचानं रॉकेलची चिंधी फिरवली. गर्दी एवढी वाकली की त्याच्या अंगावर सावली पडली. "हटो!" म्हणून त्यानं कोपर मारून एकाचं नाक फोडलं आणि पातं उन्हात धरलं.

पहिल्यांदा बाण निघाला. तीन रेघांचा, वर टोक. चाचाचा आवाज बदलला. "ये सरकारी बाण है. कामठीत हजारो पाहिले. हा माल दुकानात नाही मिळत, सिपाह्याले मिळते. आणि खाली काही लिहिलंय. मला वाचता येत नाही."

जमादारानं पातं डोळ्याजवळ नेलं. त्याचे ओठ हलले. मग त्यानं ते मोटारीच्या कंडक्टरला दिलं. कंडक्टर मोठ्यानं वाचू लागला, जसा तो गावांची नावं ओरडायचा तसा. "एक. नऊ. एक. सात. एकोणीसशे सतरा!"

 मग जमादारानं आपलाच कागद पुन्हा पाहिला आणि विचारलं, "पाटील, प्लेगात मेलेला माणूस सतरा साली वस्तरा घ्यायला आलता काय?"

आणि बाजार हसला. भाजीवाल्या हसल्या, हमाल हसले, पाटलाचा एक गडीसुद्धा हसला. चाचा सगळ्यात मोठ्यानं. तो हसला नसता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. जमादारानं कागद फाडला, वस्तरा बाबाच्या हातात ठेवला. पाटील चपला फटफट करत गेला. चाचा मला म्हणाला, "उठ, सिपाही का पोता. तोंड धू." त्याआधी तो मला अनाडीच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी मी गावी होतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते साल दाखवत फिरत होतो, खोटं कशाला सांगू. इकडं दिग्रसला भर दुपारी चार माणसं आली. एकानं चाक उचलून नालीत टाकलं. तिघांनी चाचाला पाडलं, त्याचा उजवा हात त्याच्याच सहाणेच्या दगडावर ठेवला आणि त्याच लहान हातोडीनं एकेक बोट ठेचलं. पाहणाऱ्यांनी सांगितलं की ओरडला नाही. प्रत्येक ठोक्याला म्हणत होता, "कच्चा. कच्चा मारता है."

मी पोचलो तेव्हा दवाखान्यातून हात बांधून आणला होता. मी म्हणालो, "चाचा, नावं सांग. चौघांची."

"किस पे चलाना है?" त्यानं विचारलं.



आठव्या दिवशी त्याची मुलगी पुसदहून आली. चाक विकलं नाही, नालीतच राहू दिलं. मोटार यायला वेळ होता. चाचा म्हणाला, "वस्तरा आण. उघडा सोडून जाणार नाही मी." मी पातं मुठीत धरलं, त्यानं पितळेची नवी पिन घातली आणि डाव्या हातानं ठोकली. ठोके वाकडे पडत होते, एक माझ्या अंगठ्यावर बसला. मग डाव्याच हातानं चामड्याच्या पट्ट्यावर हळूहळू धार उठवली. मला पाहवत नव्हतं, पण तो चिडला असता म्हणून पाहत राहिलो. झाल्यावर त्यानं मला थापड मारली, डाव्या हाताची. लागलीच नाही.

"अभी शागिर्द है," तो त्या हाताकडं पाहून म्हणाला. "शिकेल."

मोटारीत खिडकीशी बसला. उजवा हात गळ्यात. मी खाली उभा.  गाडी हलली तशी त्यानं खिडकीच्या काचेला कान लावला, डाव्या नखानं टिचकी मारली आणि कडू काकडीचं तोंड केलं. पुसदच्या वळणावर धूळ उठेपर्यंत ते तोंड मला दिसत होतं. नंतर कधी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिग्रसला खुर्ची मांडली नाही. ती डोक्यावर घेतली आणि दोन कोस चालत गावी आलो. चावडीपुढं पाटलाच्या ओट्यासमोर जो पार आहे, जिथं गावचा न्हावी बसायचा आणि आमच्यातलं कोणी कधी बसलं नव्हतं, तिथं खुर्ची ठेवली. बाबाला हात धरून आणलं आणि बसवलं.  "पोरा, मारतीन रे," तो म्हणाला. मी म्हणालो, "मान वर कर." साबण लावला. ओट्यावर पाटील येऊन उभा राहिला, त्याच्यामागं एकेक गडी. मी वस्तरा उघडला, कानाशी धरला आणि नखानं टिचकी मारली.

वाजला. मग मी बाबाची दाढी करायला घेतली.